वायफाय कनेक्टेड पण नेट गायब, शेवटी सुटलं

खाली मेन राऊटर, त्याला केबलने जोडून वरच्या मजल्यावर जुना राऊटर लावलेला, फोनवर काड्या फुल पण नेट कधी चालायचं कधी नाही. रीस्टार्ट, चॅनल बदलणं, केबलला नवे कनेक्टर, सगळं करून डोकं उठलं. खरी गोची ही की दोन्ही राऊटर १९२.१६८.१.१ या एकाच पत्त्यावर आणि दोघंही फोन-लॅपटॉपना आयपी (नेटवर्कमधला पत्ता) वाटत बसलेले! मग जुन्याची केबल काढली, लॅपटॉप थेट त्याला लावला, आधी लॅन आयपी (घरच्या नेटवर्कमधला त्याचा स्वतःचा पत्ता) १९२.१६८.१.२ केला, सेव्ह, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद. खालच्या मेन राऊटरचा डीएचसीपी पूल (वाटायच्या पत्त्यांची रांग) १९२.१६८.१.१०० पासून सुरू केला, नाहीतर .२ एखाद्या फोनला जायचा. मग केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात, वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून नेट घ्यायच्या पोर्टात नाही (मी आधी तिथेच खुपसली होती). फोनमधून वायफाय फरगेट करून परत जोडलं, गेटवे (ज्यातून नेट बाहेर जातं तो पत्ता) .१, म्हणजे मेन राऊटर दिसला आणि नेट टिकलं.