राफ्टिंग, ट्रेक आणि सायकल एकाच सुट्टीत: पुण्याहून लडाखची आखणी

लडाखच्या सहलीचा बेत बहुतेक वेळा खेळांच्या यादीपासून सुरू होतो. झंस्कर नदीचं राफ्टिंग हवं, खार्दुंग ला या उंच खिंडीवरून सायकल हवी, जमलं तर एखादा ट्रेक. मग ही यादी विमानाच्या तारखांत कशीबशी कोंबली जाते. आखणी उलट्या बाजूने करा. आधी कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं ते ठरवा आणि त्यात खेळ बसवा. गाइड कितीही चांगला असला तरी चुकलेला क्रम त्याला सावरता येत नाही.

पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. दिल्लीहून सकाळचं विमान दीड तासाच्या आत तिथे उतरवतं, आणि तिथल्या श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने ऑक्सिजन साधारण ६५ टक्केच मिळतो. रोजचा व्यायाम इथे कामी येत नाही. उलट सिंहगड धावत चढणाऱ्यांना त्रास होताना जास्त दिसतो, कारण पहिल्याच संध्याकाळी ते शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, हा सर्वमान्य नियम आहे. विमानाने जाणारा तो पहिल्याच दिवशी मोडतो. म्हणून लेहचे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे ठेवा, त्यात काटछाट नको.

तारखा

मे महिन्याची शाळेची सुट्टी या बेताला चालत नाही. खिंडींत बर्फ असतो आणि झंस्करला राफ्टिंगजोगं पाणी नसतं. ते जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मिळतं. जुलै आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ वितळून पाणी जोरात असतं. नवख्या ग्रुपसाठी ऑगस्टअखेर बरी, पाणी थोडं उतरलेलं असतं. त्यात गणपती आले तर त्याआधीच परत या. विसर्जनानंतर निघायचं म्हटलं तर बऱ्याच वर्षी राफ्टिंगचा मोसम हातचा जातो. लडाख पर्जन्यछायेत असलं तरी ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये ढगफुटी झाली होती. त्यामुळे नदीपात्रात किंवा कोरड्या ओढ्यात तंबू लावणारा आयोजक नको.

क्रम कसा लावावा

लेहला उतरलेला दिवस पहिला धरा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बाजारात रमतगमत एक फेरी, बास. तिसऱ्या दिवशी सिंधूवर फे ते निम्मू राफ्टिंग. हा टप्पा सौम्य, ग्रेड १-२ चा आहे आणि नदी लेह शहराच्या बरीच खाली असल्याने शरीरालाही उसंत मिळते. चौथ्या दिवशी सायकलने शे आणि ठिकसे, जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर. लेह बाजार नदीपेक्षा अडीचशे मीटर तरी उंच आहे, म्हणजे चढ शेवटी, दमलेल्या पायांनी येतो. परतीसाठी मागे गाडी असेल का, हे आधीच विचारून ठेवा.

पाचव्या ते सातव्या दिवशी शाम खोऱ्याचा ट्रेक: लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. खिंडी ४,००० मीटरच्या आत आहेत, मुक्काम गावातल्या होमस्टेमध्ये. तिथली शौचालयं कोरडी असतात. वापरानंतर पाणी न ओतता माती-राख टाकायची असते, कारण तेच पुढे शेताचं खत होतं. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पिशवीत बांधून लेहला परत आणा.

आठव्या दिवशी झंस्करवर चिलिंग ते निम्मू. ट्रेकनंतर पायांना आराम आणि काम खांद्यांना, म्हणून हा टप्पा इथे बसतो. नववा दिवस खार्दुंग ला. दहावा मोकळा ठेवा. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, आणि दिल्ली-पुणे तिकीट त्याच दिवशीचं काढलं तर दोन्हीकडचे पैसे बुडू शकतात. घरून निघून घरी येईपर्यंत बारा दिवस लागतात. नऊ दिवसांतच सगळं दाखवतो म्हणणाऱ्याने विश्रांतीचे दिवस कापलेले असतात. मारखा खोरं हवं असेल तर आणखी पाचएक दिवस काढा. त्या ट्रेकमधली कोंगमारू ला ही खिंड ५,२०० मीटरच्या आसपास आहे आणि त्याआधीचा निमालिंगचा मुक्काम बराच उंचावर असतो.

खार्दुंग ला शेवटी का

माथा सुमारे ५,३५९ मीटरवर आहे, जुन्या पाटीवरचा आकडा याहून मोठा होता. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. गाडीने वर जायचं, पंधरा-वीस मिनिटांत फोटो उरकायचे आणि लेहपर्यंत सुमारे ४० किलोमीटर उतरायचं. तिसऱ्या दिवशी हे केलं तर डोकं जड, हात गार आणि निर्णय मंद असताना उतारावर ब्रेक धरायची वेळ येते. अपघात तिथेच होतात.

सायकल ताब्यात घेताना ब्रेक पॅड डोळ्यांनी बघा. अस्तर दीड मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर बदलून मागा. दोन्ही लिव्हर पूर्ण दाबून हँडलला टेकत नाहीत ना, चाक फिरवताना डिस्क घासत नाही ना, चाकांचे क्विक रिलीज (चाक पकडून ठेवणारे खटके) घट्ट आहेत ना, हे पाहा. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला तर डिस्क तापते आणि पकड सुटते. दोन्ही ब्रेक एकत्र दाबा, वेग पाडा, सोडा, पुन्हा दाबा. वजन मागे ठेवा. वाटेवरच्या साउथ पुल्लू या तपासणी नाक्याच्या वरच्या भागात खडी आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, तिथे वळणात ब्रेक नको, वळणाआधी. पूर्ण बोटांचे वाऱ्यापासून वाचवणारे हातमोजे नसतील तर बधिर बोटांनी लिव्हर नीट दाबताच येत नाही.

झंस्करच्या पाण्यात

पाणी हिमनद्यांचं, गढूळ आणि हाडं गोठवणारं. कॉटनचा टी-शर्ट आत घातला तर ओला राहून अंगातली ऊब ओढतो. वेटसूटच्या आत पॉलिएस्टर घाला. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर खेचायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे किंवा मापाचं नाही. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा. उभं राहायला जाऊ नका, पाय खडकांत अडकून प्रवाह अंगावर येतो. किमान दोन राफ्ट आणि सोबत एक सेफ्टी कयाक (बचावासाठीची छोटी होडी) नसेल तर त्या दिवशी उतरूच नका.

आयोजकाला विचारायचे प्रश्न

पैसे भरण्याआधी हे लेखी मागा. गाइडकडे गिर्यारोहण संस्थेचा कोर्स आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, की फक्त अनुभव? किती जणांमागे किती गाइड? ट्रेकवर ऑक्सिजन सिलिंडर आणि पल्स ऑक्सिमीटर असेल का? एखाद्याला खाली न्यावं लागलं तर त्याच्यासोबत कोण जाईल आणि बाकीच्यांचं पुढे काय? परवाने आणि पर्यावरण शुल्क कोण भरणार? शेवटून दुसऱ्या प्रश्नाला... म्हणजे खाली नेण्याच्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं नाही तर दुसरा आयोजक बघा. विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेत का आणि उंचीची मर्यादा किती, हेही वाचा. पुष्कळ साध्या पॉलिसी इथेच हात वर करतात.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधी सांगा. डोकेदुखी आणि मळमळ असताना वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा एका रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालता येईना, तर रात्र असली तरी खाली न्यायचं. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले काही दिवस पूर्ण बंद.

पुण्यातली तयारी

आठ आठवडे पुरतात. आठवड्यातून दोनदा आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर सहा ते आठ किलो. उतरतानाही घाई न करता, कारण गुडघे उतारावर बोलतात. रविवारी बोपदेव किंवा दिवे घाटात सायकल, चढापेक्षा उताराच्या ब्रेकिंगचा सराव म्हणून. पॅडल मारायची सवय ताम्हिणीमार्गे कोलाडला जाऊन कुंडलिकेवर करा. तिथे धरणातून सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्टिंग चालतं आणि गाइडच्या हाका ऐकून एकत्र वल्हवायला एका फेरीत शिकता येतं.

सामानात पोस्टपेड सिम घ्या, बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड लडाखमध्ये चालत नाहीत. पॉवरबँक केबिन बॅगेतच ठेवावी लागते, आणि गॅसची डबी विमानात कुठेच चालत नाही. खाऊ म्हणून चिक्की, लाडू, खाकरे उत्तम, कारण उंचीवर भूक मरते आणि गोड तेवढं घशाखाली उतरतं. चिवड्याची हवाबंद पाकिटं मात्र लेहला पोचेपर्यंत फुग्यासारखी टरारतात, कधी बॅगेतच फुटतात. घरीच उघडून साध्या पिशवीत रबर लावून भरा, शाम्पूच्या बाटलीतली हवाही दाबून काढा.