विद्यमान आमदाराविरुद्ध उभं राहताय? मग ही तयारी करा

२०२४ साली संगमनेरात बाळासाहेब थोरात पडले. १९८५पासून सलग आठ वेळा निवडून आलेला माणूस, आणि पाडणारे अमोल खताळ पहिल्यांदाच आमदार झाले. फरक १०,५६० मतांचा. ऐकायला मोठा वाटतो, पण ३५० बूथ धरा आणि बूथमागे पंधरा मतं इकडची तिकडे वळवा, जवळपास एवढाच हिशेब येतो. म्हणून आमच्याकडे कुणी नवा उमेदवार आला की आम्ही आधी बॅनरचा विषय बंद करतो आणि विचारतो, बूथनिहाय आकडे आणलेत का?

मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० काढा. कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली ते सगळं त्यात असतं. आमदाराचे हक्काचे बूथ, तुमचे बूथ आणि दहा-वीस मतांनी हललेले बूथ असे तीन ढीग करा. तुमचा वेळ तिसऱ्या ढिगात जायला हवा. पहिल्या ढिगातल्या गावात जाऊन भाषण ठोकायची खुमखुमी प्रत्येक उमेदवाराला असते, ती आवरा. मग मतदारयादी घेऊन माणूस दारोदार पाठवा: मयत कोण, लग्न होऊन गेलेल्या मुली कोण, पुण्या-मुंबईला कामाला असलेली पोरं कोण. या पोरांचे फोन नंबर आत्ताच घ्या, मतदानाच्या आदल्या रात्री शोधत बसू नका. नवी नावं घालायची तर फॉर्म ६ आत्ताच भरा, अर्ज भरायची मुदत जवळ आली की ते दार बंद होतं.

कागदपत्रांत हयगय नको. फॉर्म २६चं शपथपत्र (मालमत्ता, गुन्हे वगैरेंची माहिती) वकिलाकडून दोनदा वाचून घ्या. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाचा असाल तर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. अर्जाचे चार संच भरता येतात, चारही भरा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला नाही तर तुमचा पक्ष तुमचा राहत नाही. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उघडा. मर्यादा ४० लाखांची आहे, आणि मंडपवाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत सगळं त्यातच मोजलं जातं.

माघारीची मुदत संपली की अंतिम यादी नीट वाचा. तुमच्याच आडनावाचा अपक्ष हमखास सापडेल. २०२४च्या लोकसभेला दिंडोरीत ‘तुतारी’ चिन्हावरचा असाच एक भगरे नावाचा अपक्ष लाखावर मतं घेऊन गेला. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ चिन्हावरचे भास्कर भगरे निवडून आले म्हणून बरं. तेव्हा लोकांना नावाबरोबर यंत्रावरचा अनुक्रमांकही पाठ करून घ्या. आणि दिवस मोजा: २०२४ला महाराष्ट्रात माघार ४ नोव्हेंबरला संपली, प्रचार १८ तारखेच्या संध्याकाळी थांबला. चौदा दिवस. तेवढ्यात साडेतीनशे बूथ पायाखाली घालणं होत नाही, ते आधीच झालेलं असायला हवं.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक बूथवर त्याच गावचा, तोंड ओळखणारा आणि आमदाराच्या भावकीला न बिचकणारा पोलिंग एजंट बसवा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी चाचणी मतदान असतं, त्यात किमान ५० मतं टाकून बघतात. ते संपल्यावर यंत्र शून्यावर आणलेलं आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) चिठ्ठ्या काढलेल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्याच पाहिजेत. झोपाळू माणूस इथे चालत नाही. संध्याकाळी फॉर्म १७सीची, म्हणजे बूथवर एकूण किती मतं पडली त्या नोंदीची, प्रत घेतल्याशिवाय त्याने केंद्र सोडायचं नाही. एका निवडणुकीत आमचे अकरा जण ती न घेताच जेवायला गेले होते. ती रात्र आम्ही मोटारसायकलवर काढली.

मोजणीला सहसा चौदा टेबलं असतात, म्हणजे ३५० बूथांच्या पंचवीस फेऱ्या. प्रतिनिधींची नावं फॉर्म १८वर तीन दिवस आधी द्या. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून पेन, कोरे कागद आणि टेबलप्रमाणे लावलेल्या १७सीच्या प्रती सोबत द्या. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणारं यंत्र) क्रमांक, सील आणि एकूण मतं या तीन गोष्टी जुळल्या तरच पुढे. पिछाडीवर असलात तरी माणसं उठवू नका. मालेगाव मध्यमध्ये २०२४ला आव्हान देणारा १६२ मतांनी राहिला. फरक अगदी थोडा असेल तर फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधी, लेखी आणि कारणासहित द्यावा लागतो. त्याचा मसुदा खिशात ठेवा.

आणि निवडून आलात तर हिशेबवाल्या पोराला गुलालात हरवू देऊ नका. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे गेला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.