चिऱ्यांच्या घरात स्मार्ट दिवे जुळवताना

आधी राऊटर. बहुतेक वायफाय बल्ब २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असला की जोडणी अनेकदा अर्ध्यावर अडकते. राऊटरच्या या दोन्ही बँडना (लहरींच्या पट्ट्यांना) वेगळी नावं द्या.

गोव्यातल्या जुन्या घरांत खरी अडचण चिऱ्यांच्या जाड भिंतींची. हॉलमधलं वायफाय बल्कांवपर्यंत (घरापुढच्या बसायच्या ओसरीपर्यंत) पोचताना पार क्षीण होतं. तिथे झिगबीच घ्या, म्हणजे वायफायऐवजी स्वतःच्या बिनतारी जाळ्यावर चालणारे दिवे: त्यांना जोडणारा हब मधल्या खोलीत ठेवा, वाटेत एक-दोन झिगबी स्मार्ट प्लग लावा. ते सिग्नल पुढे पोचवतात, बॅटरीवरचे सेन्सर पोचवत नाहीत. वायफाय चॅनेल १ वर आणि झिगबी २५ वर ठेवलं की दोघांची टक्कर टळते.

स्विच बदलण्याआधी बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. बहुतेक स्मार्ट स्विचना तो लागतोच. एकाच पॉइंटवर स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट स्विच मात्र नकोत. स्विचने वीज तोडली की बल्ब ॲपमध्ये 'ऑफलाइन' दिसतो.

पावसाळ्यात रात्री दोनला वीज परत येते आणि घरभर बल्ब लख्ख पेटतात. ॲपमधल्या 'पॉवर-ऑन' सेटिंगमध्ये आधीची स्थिती निवडा. राऊटर आणि हब छोट्या यूपीएसवर ठेवा.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू घेणार असाल तर खोक्यावर मॅटरचं, म्हणजे अशा वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून ठरवलेल्या समान मानकाचं, चिन्ह बघूनच घ्या.