परक्या भाषेत दुखणे सांगताना

१९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. घरच्यांनी स्पॅनिशमधला 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. क्युबाहून आलेल्या त्या कुटुंबाच्या बोलीत त्याचा अर्थ 'खाण्यापिण्यातून काही बाधले' असा होता, पण इंग्रजीतील मिळत्याजुळत्या शब्दामुळे डॉक्टरांनी अमली पदार्थांचे अतिसेवन झाले असे धरून उपचार सुरू केले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो मुलगा हातापायांनी कायमचा पंगू झाला आणि पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या भरपाईवर दावा मिटला. दुभाष्याला कोणीच बोलावले नव्हते, कारण आपल्याला समोरच्याचे कळले आहे असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

म्हणून स्थलांतरिताने दवाखान्याची वेळ ठरवतानाच, त्याच फोनवर, दुभाषा मागावा. कामापुरते इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच येत असले तरीही मागावा. दुकानात, कचेरीत पुरणारी भाषा वेदनेत आणि भीतीत पुरत नाही. मागताना 'मराठी' असे स्पष्ट नोंदवावे. नुसते 'भारतीय' म्हटले तर बहुधा हिंदी दुभाषा मिळतो. मराठी दुभाषा उपलब्ध नसेल तर हिंदी चालेल का, हे रुग्णाने आधीच ठरवून ठेवावे. विशेषतः वयस्क माणसाला दूरचित्रवाणीवरची हिंदी कळते, पण स्वतःच्या पोटातले दुखणे हिंदीत सांगता येतेच असे नाही.

ही मागणी करताना संकोच वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत २०१०च्या आरोग्यसेवा कायद्याच्या १५५७व्या कलमानुसार सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना आणि दवाखान्यांना रुग्णासाठी विनामूल्य दुभाषा पुरवावा लागतो. जिवावरचा प्रसंग असून दुभाषा तत्काळ मिळत नसेल तेवढा अपवाद वगळता, अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास त्याच कायद्याखालील नियम मनाई करतात. ऑस्ट्रेलियात शासनाची दुभाषा सेवा १३१ ४५० या क्रमांकावर चालते.

मुलांविषयीच्या त्या नियमामागचे कारण नीट समजून घ्यावे. स्थलांतरितांच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटांत आईवडिलांसाठी बोलणारे चुणचुणीत मूल हे कौतुकाचे पात्र असते आणि प्रेक्षक त्यावर हसतो. तपासणीच्या खोलीत मात्र त्याच मुलाला आईचा रक्तस्राव, वडिलांचे नैराश्य किंवा कर्करोगाचे निदान तोंडाने उच्चारावे लागते. मूल घाबरून काही गाळते, आईही मुलासमोर काही लपवते, आणि डॉक्टरांच्या हाती अर्धवट माहिती येते. नवरा, सासू किंवा शेजारीण यांच्याबाबतही हीच अडचण असते. घरात मारहाण होत असेल तर ती मारणाऱ्याच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत कधीच पोचत नाही.

दुभाषा फोनवर असो की समोर, बोलताना डॉक्टरांकडे पाहावे, एका वेळी एक-दोन वाक्ये सांगावीत आणि थांबावे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलेले औषध, मात्रा आणि परत येण्याची वेळ आपल्या शब्दांत उलट सांगून दाखवावी. एवढ्या एका सवयीने पुष्कळ चुका जागच्या जागी सापडतात.

दुखणे सांगण्यात मराठीची श्रीमंतीच कधी कधी आडवी येते. कळ, ठणका, चमक, जळजळ, सल हे शब्द आपल्याला वेगवेगळे जाणवतात, पण दुभाष्याच्या तोंडी ते सगळे एकाच 'दुखते'मध्ये मिसळू शकतात. म्हणून कळ येऊन ओसरते की सतत राहते, ठणका नाडीबरोबर पडतो का, चमक कुठून कुठे जाते, हे वर्णनाने सांगावे. 'चक्कर येते' म्हणजे खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, हा फरक निदानात मोठा आहे. 'जीव घाबरा होतो' याचा शब्दशः अनुवाद केवळ भीती असा होतो. तेव्हा छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही, यांपैकी जे होत असेल ते नेमके सांगावे. छातीतल्या दुखण्याला स्वतःच 'गॅस' हे नाव देऊ नये.

सोबत एक कागद असावा. त्यावर औषधांची व्यापारी नावे न लिहिता मूळ नावे लिहावीत, कारण कंपनीचे नाव देशागणिक बदलते. मूळ नावही क्वचित बदलते: पॅरासिटामॉलला अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. हे ठाऊक नसल्यास पॅरासिटामॉलची गोळी आणि ते मिसळलेले सर्दीचे औषध एकाच वेळी घेतले जाऊन मात्रा दुप्पट होते. रक्तातील साखरेचे एककही तपासावे. भारतातील १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) हा आकडा ब्रिटन किंवा कॅनडाच्या अहवालात ७ (मिलिमोल प्रति लीटर) असा दिसतो, कारण तेथील आकड्याला १८ने गुणले की आपला आकडा मिळतो. लहानपणी बीसीजीची लस घेतली असल्यास तेही लिहावे. त्या लशीमुळे क्षयरोगाची त्वचाचाचणी आजार नसतानाही सकारात्मक येऊ शकते. अशा वेळी रक्तचाचणीविषयी विचारावे.

त्याच कागदावर आपले कामही लिहावे: रात्रपाळी, उभे राहण्याचे तास, रसायने, झोप, एका खोलीत किती जण राहतात. दिग्दर्शक फासबिंडर यांच्या १९७४च्या 'अली: फिअर ईट्स द सोल' या जर्मन चित्रपटात मोरोक्कोहून आलेला कामगार जठरव्रण (पोटातला अल्सर) फुटून कोसळतो आणि डॉक्टर त्याच्या पत्नीला सांगतात की परदेशी कामगारांत हा आजार नेहमीचा आहे, त्यामागे ताण आहे आणि हा रुग्ण पुन्हा येथे येईल. स्थलांतरिताचे आजारपण त्याच्या जगण्यातून येते, हे इतक्या थेटपणे सांगणारे दृश्य मला दुसरे आठवत नाही. मात्र तिथेही अली स्वतः शुद्धीत नसतो. त्याच्या आयुष्याविषयी दुसरेच दोघे बोलतात. आपण शुद्धीत असताना, वेळेवर, स्वतः बोलावे.

कागदपत्रांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी त्या देशाचा नियम आधी नेमका जाणून घ्यावा, कारण तो सगळीकडे सारखा नाही. इंग्लंडमध्ये कौटुंबिक डॉक्टरांकडे नाव नोंदवण्यासाठी व्हिसा किंवा पत्त्याचा पुरावा दाखवण्याची अट नाही, मात्र रुग्णालयातील पुढच्या उपचारांचा खर्च काहींना भरावा लागतो. जर्मनीत कागदपत्रे नसलेल्याने नियोजित उपचारांसाठी समाजकल्याण कार्यालयाकडे मदत मागितली, तर ते कार्यालय परदेशी नागरिक विभागाला कळवण्यास बांधील असते. म्हणून तिथे आधी स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने आणीबाणीच्या विभागाला पैसे किंवा नागरिकत्व न पाहता रुग्णाची तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येतेच. ते आल्यावर घाबरून बाजूला न ठेवता आर्थिक साहाय्याचा अर्ज मागावा. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना तसे लेखी धोरण ठेवणे बंधनकारक आहे.

घरातील वृद्धांसाठी फोनजवळ त्या देशाचा आपत्कालीन क्रमांक, घराचा पत्ता आणि 'मराठी' हा शब्द स्थानिक भाषेत कसा उच्चारायचा ते देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. अनेक ठिकाणी आपत्कालीन केंद्र फोनवरच दुभाषा जोडून देते. त्यासाठी आधी भाषेचे नाव, मग पत्ता, एवढे दोनदा-तीनदा मोठ्याने म्हणण्याचा त्यांच्याकडून सराव करून घ्यावा.