शॅपचा आलेख काढण्याआधी या चुका टाळा

अल्झायमर किंवा पार्किन्सन ओळखणारं मशीन लर्निंगचं मॉडेल जरा चालू लागलं की लगेच शॅपचा (मॉडेलच्या निर्णयात कोणत्या घटकाचा किती वाटा, हे दाखवणाऱ्या पद्धतीचा) रंगीत आलेख काढायची घाई होते. यादीत हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग, वर दिसला की सगळे निश्चिंत. पण शॅप मॉडेलबद्दल सांगतं, आजाराबद्दल नाही. मॉडेल भलतंच शिकलं असेल, तर तेच भलतं नीटनेटकं होऊन समोर येतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विदा (डेटा) रुग्णानुसार न विभागणं. पार्किन्सनच्या आवाजांचा यूसीआय या खुल्या विदासंग्रहावरचा प्रसिद्ध संच घ्या. रेकॉर्डिंग 195, माणसं मात्र 31, त्यांतली 23 पार्किन्सनची. म्हणजे माणशी साधारण सहा रेकॉर्डिंग. नवशिके ओळी सरमिसळ करून 80-20 विभागतात आणि एकाच माणसाचा आवाज प्रशिक्षणातही जातो, चाचणीतही. मग आजाराऐवजी माणूस ओळखूनही मॉडेलचं भागतं. अचूकता झकास दिसते, शॅप आवाजाची सरासरी वारंवारता वर आणतं आणि तिच्यावर स्नायूंच्या ताठरपणाचा परिच्छेद लिहिला जातो. ही वारंवारता तर स्त्री-पुरुषांतही वेगळी असते! त्या फाइलीत नावाच्या रकान्यात 'एस01' असा व्यक्तिक्रमांक दिलेलाच आहे. तो वेगळा काढा, 'ग्रुप के-फोल्ड' (एका माणसाच्या सगळ्या नोंदी एकाच भागात, म्हणजे फोल्डमध्ये, ठेवणारी विभागणी) वापरा, स्केलिंग (आकडे एका मापात आणणं) आणि रकान्यांची निवड प्रत्येक फोल्डच्या प्रशिक्षण भागातच करा. एमआरआयच्या कापांना आणि त्याच रुग्णाच्या पुढच्या भेटींनाही हाच नियम. हे झाल्याशिवाय स्पष्टीकरणाला हात लावू नये.

दुसरी चूक: उत्तरच प्रश्नात घालणं. एमएमएसई ही स्मरण आणि आकलन तपासणारी 30 गुणांची चाचणी. एडीएनआय या अल्झायमरवरच्या संशोधन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात अल्झायमर गटात घेण्यासाठी 20 ते 26 आणि निरोगी गटासाठी 24 ते 30 गुण हवे होते. हेच गुण मॉडेलला दिले, तर शॅप त्यांना पहिलं ठेवणारच. त्यात शोध कसला? मॉडेल दोनदा शिकवा: एकदा एमएमएसई आणि सीडीआर (स्मृतिभ्रंशाची तीव्रता मोजणारी श्रेणी) धरून, एकदा वगळून. दुसऱ्या वेळी डोलारा कोसळला, तर एमआरआयमधून फारसं काही शिकलेलं नाही. शिवाय एमएमएसईचे गुण शिक्षणावरही अवलंबून असतात, तेव्हा कमी शिकलेल्यांचे निकाल वेगळे काढून पाहा.

मॉडेलने चित्रात कुठे पाहिलं हे रंगाने दाखवणाऱ्या ग्रॅड-कॅमचा लाल डाग फसवा असतो. 224 पिक्सेलच्या चित्रावर रेसनेट या चित्रं ओळखणाऱ्या मॉडेलचा शेवटचा थर 7 गुणिले 7 चौकोनांचाच नकाशा देतो. एक चौकोन म्हणजे 32 पिक्सेल, बाकीचा गुळगुळीतपणा ताणून आणलेला. त्यावरून 'मॉडेल हिप्पोकॅम्पस पाहतं' म्हणू नका. मॉडेलची वजनं (शिकलेले आकडे) यादृच्छिक करा. नकाशा तसाच राहिला तर तो मॉडेलच्या शिकण्यावर अवलंबून नाही, टाकून द्या.

लाइम ही एकेका निकालाची कारणं सांगणारी दुसरी पद्धत वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक निवडीच्या सुरुवातीच्या आकड्यांवर) चालवा. कारणं बदलत असतील तर वापरू नका. शॅपमध्ये डावा आणि उजवा हिप्पोकॅम्पस श्रेय वाटून घेतात, दोघांची बेरीज पाहा. एक्सजीबूस्ट या प्रकारच्या मॉडेलवर शॅपचे आकडे लॉग-ऑड्समध्ये (शक्यतेच्या लॉगरिदमी मापात) येतात, 0.7 म्हणजे 70 टक्के नव्हे.

आणि हा आलेख कुटुंबीयांच्या हातात तसाच देऊ नका. 'विस्कळीत झोप' ही पट्टी लांब दिसली की झोप सुधारली तर आजार थांबेल असं त्यांना वाटतं. पार्किन्सनमध्ये झोपेत हातपाय झाडणं हे कंपाच्या कित्येक वर्षं आधी दिसणारं लक्षण असू शकतं. म्हणून आजाराची लक्षणं आणि काळजी घेऊन बदलता येणाऱ्या गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि दुसऱ्या रकान्यात काय जाईल हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.