५,३२० किलोमीटरचं कोडं

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जेएफके या दोन विमानतळांमधलं अंतर स्वतः काढायचं मी मनावर घेतलं होतं. आधी सपाट नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. पण तसा नकाशा ध्रुवांकडे ताणला जातो, त्यामुळे एकच प्रमाण सगळीकडे लागू पडत नाही. मग स्प्रेडशीटमध्ये अक्षांश-रेखांश टाकून गोलावरच्या त्रिकोणमितीचं सूत्र लिहिलं.

पहिल्यांदा आकडे काहीच्या बाही आले. साइन, कोसाइनला कोन रेडियनमध्ये लागतो आणि मी अंशच दिले होते. ते सुधारल्यावर उत्तर आलं सुमारे ५,३२० किलोमीटर. एवढ्या लांबच्या प्रवासाला इतकं कमी? तासभर सूत्रच तपासत बसलो. सूत्र बरोबर होतं. चूक रेखांशात होती. जेएफके ७३.७८ अंश पश्चिमेला आहे आणि मी उणे चिन्ह दिलंच नव्हतं, म्हणजे न्यूयॉर्क थेट मध्य आशियात नेऊन ठेवलं होतं! -७३.७८ केलं, आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून उत्तर आलं सुमारे १५,३४० किलोमीटर.

हे झालं सर्वात जवळच्या वाटेचं अंतर. दोन्ही रेखांशांत जवळपास १७८ अंशांचा फरक असल्याने ही वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते, हे मला पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणल्यावरच खऱ्या अर्थाने पटलं. प्रत्यक्षात विमान वारा आणि हवाई हद्दी पाहून मार्ग बदलतं, त्यामुळे तेवढे किलोमीटर वाढतात. सागरी मैल हवे असतील तर १.८५२ ने भागा.