लोकांच्या संतापातून ठोस बदल कसा घडवून आणावा

मोठा लोकक्षोभ उसळला की सत्तेवरचे लोक बहुतेकदा वाट पाहतात. समिती नेमली जाते, आश्वासन मिळतं आणि गर्दी पांगते. म्हणून राग ताजा असतानाच, शक्यतो पहिल्या आठवड्यात, पुढच्या कामांना लागावं.

१. मागणी एका वाक्यात लिहा. ‘न्याय द्या’ म्हटलं की कुणीही मान डोलावून मोकळा होतो. कुणी, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचं, हे तिन्ही त्या वाक्यात हवं. मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत. यादी लांबली की त्यातली सर्वांत सोपी मान्य होते आणि बाकीच्या गुंडाळल्या जातात.

२. निर्णयाचा अधिकार नेमका कुणाकडे आहे ते शोधा. बहुतेक आंदोलनं इथेच चुकतात. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांनी १९५५च्या डिसेंबरात बसवर बहिष्कार टाकला. कंपनीचं उत्पन्न बुडालं, पण बसमध्ये वर्णानुसार वेगळं बसवण्याची सक्ती कायद्यातच होती. त्यामुळे बहिष्काराच्या जोडीने न्यायालयात दावा लावला गेला आणि १९५६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती सक्ती संपली. रस्त्यावरचा दबाव आणि कायद्याची वाट, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा.

३. लोकांचं रोजचं जगणं सांभाळा. तो बहिष्कार ३८१ दिवस टिकला, कारण लोकांना कामावर पोहोचवायला सुमारे ३०० खासगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून धावत होत्या. हाताशी अशी सोय नसेल तर बेमुदत बंद पुकारू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा, पण तो चुकवू नका. पैशाचा हिशेब दर आठवड्याला जाहीर करा. पैशांवरून संशय आला की आतूनच फूट पडते.

४. गर्दीला शिस्त लावा. साधारण पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडाला ठळक पट्टी, मार्ग आधी ठरलेला आणि पांगण्याची वेळ जाहीर केलेली. दगडफेक सुरू झाली तर मोर्चा तिथेच थांबवा, लोकांना खाली बसवा. जो उभा राहून चिथावत राहील तो लगेच वेगळा दिसतो. एका जळालेल्या गाडीने मूळ प्रश्न बातमीतून गायब होतो आणि कडक कारवाईला निमित्त मिळतं.

५. व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला, कधीचा आणि मूळ कुणी टाकला ते तपासा. एक खोटी क्लिप उघडी पडली की तुमचे दहा खरे पुरावेही संशयात सापडतात. राग व्यक्तीच्या वा पदाच्या कृतीवर ठेवा. तो एखाद्या जातीवर, धर्मावर घसरला तर राजकीय पक्ष तो उचलतात आणि तुमची मागणी तिथेच संपते.

६. मिळालेलं आश्वासन लेखी घ्या आणि शब्दाशब्दाने तपासा. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला आणि २०१३मध्ये फौजदारी कायदा बदलला. हे लोकक्षोभाचं मोठं यश होतं. पण वैवाहिक बलात्काराला असलेली सूट काढण्याची शिफारस सरकारने स्वीकारली नाही, आणि समितीने न सुचवलेली फाशी मात्र काही गुन्ह्यांसाठी कायद्यात आली. त्यासाठी दोन रकान्यांचा तक्ता करा: काय मागितलं, काय मिळालं. दर महिन्याला तो अद्ययावत करून लोकांपुढे ठेवा आणि रिकाम्या रकान्यांवरच पुढचं निवेदन लिहा.